कोर्ट फी : काटा झाल्यावर भाव बदलायचा नाही



कापसाची गाडी बाजारात उभी राहते, बोली लागते, सौदापट्टी हातात पडते आणि गाडी जिनिंगच्या काट्यावर जाते. काटा झाल्यावर व्यापारी म्हणाला, "आता भाव उतरला, दोनशे रुपये कमी घ्या," तर आपण काय करतो? गाडी अडवतो, चार माणसे गोळा करतो, बाजार समितीच्या सचिवाला जागेवर बोलावतो. सौदा झाला त्या वेळचा भाव तोच खरा. एवढा न्याय आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. मात्र ज्या जागेला न्यायालय म्हणतात तिथे हाच नियम चालतो का, याचा विचार आपण कधी केलेला नाही. दावा घातला तेव्हा फी एक होती. सहा-सात वर्षांनी निकाल विरुद्ध लागला आणि अपिलाला गेलो, तेव्हा फी दुसरीच झालेली असते. मग कोणती भरायची? कारकून म्हणतो नवी. वकीलसाहेब म्हणतात, बघू. आपण उसनवार करून नवी भरून मोकळे होतो.

या अंकात आम्ही या एकाच प्रश्नावर लिहिणार आहोत. कोर्टाची फी वाढली, कमी झाली किंवा तिचा नियम बदलला, तर तो बदल कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या खटल्यांना लागू व्हावा? हमीभाव, वीजबिल आणि कर्जमाफी यांच्यापुढे हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु भूसंपादनाचा कमी मोबदला, बोगस बियाणे, बांधाचा वाद, वाटणीचा दावा यांतले एखादे तरी प्रकरण प्रत्येक गावात आहे. त्या प्रत्येकाच्या दाराशी फीचा उंबरठा आहे. उंबरठा किती उंच ते सरकार ठरवते. तो कोणत्या दिवशी उंच करायचा तेही सरकारच ठरवते, आणि त्या दिवसाबद्दल आपल्याला कोणी विचारत नाही.

तारखा कशा ठरतात ते पाहा

राज्यघटनेप्रमाणे सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी सर्व न्यायालयांतली फी हा राज्यांच्या यादीतला विषय आहे. आपल्याकडे १९५९ चा मुंबई कोर्ट फी कायदा चालतो. आता त्याला महाराष्ट्र कोर्ट फी कायदा म्हणतात. दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात फी घ्यायची, पण तिला एक कमाल मर्यादा ठेवायची, अशी त्याची पद्धत आहे. ही कमाल मर्यादा ३ लाख रुपये होती. २०१७ च्या दुरुस्ती कायद्याने ती १० लाख केली, आणि ही दुरुस्ती १६ जानेवारी २०१८ पासून अमलात आली.

ही तारीख नीट आठवा. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली पऱ्हाटी पोखरून टाकली होती. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीला बोंडे फुटायच्या ऐवजी किडकी निघत होती. कित्येकांनी उभ्या पिकात जनावरे सोडली, कित्येकांनी रोटाव्हेटर फिरवला. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते आणि नुकसानभरपाईसाठी कोणत्या दारात जावे याची चर्चा गावोगाव चालू होती. त्याच आठवड्यात न्यायालयाच्या फीचे नवे तक्ते लागू झाले. सरकारने मुद्दाम हा मुहूर्त साधला असे आमचे म्हणणे नाही. शेतकऱ्याचे कॅलेंडर समोर ठेवून तारीख ठरवावी, हे कोणाच्या मनातही आले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मुद्रांकाचेही तसेच. ज्या अनेक कागदांना १०० किंवा २०० रुपयांचा मुद्रांक चालत असे, त्यांना ५०० रुपयांचा लावायचा, असा अध्यादेश ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाला आणि लगेच लागू झाला. सोयाबीन खळ्यात, कापसाची पहिली वेचणी सुरू, मजुरीला रोकड हवी. नेमक्या अशा वेळी कागदाचा खर्च वाढला.

आता उलट बाजू पाहा. गरिबाला फुकट वकील आणि फीची मदत देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ मध्ये केला. तो अमलात कधी आला? ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. मधे आठ वर्षे गेली. खेड्याजवळ न्यायालय नेणारा ग्राम न्यायालय कायदा २००८ चा. तो लागू झाला २ ऑक्टोबर २००९ ला. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा ऑगस्ट २०१९ मध्ये झाला आणि २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. म्हणजे द्यायची वेळ आली की तारीख सापडत नाही. घ्यायची वेळ आली की राजपत्राची शाई वाळायचीही वाट पाहत नाहीत.

"तारीख आधी जाहीर करणे व्यवहारात जमत नाही," असे कोणी म्हणेल तर तेही खोटे आहे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याला सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. सर्वांना तीन महिने मिळाले. फौजदारी कायदे बदलले तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये संमती झाली आणि अंमल १ जुलै २०२४ पासून झाला. शिवाय जुने चालू खटले जुन्याच प्रक्रियेने चालतील, असे नव्या संहितेत स्पष्ट लिहिले. पोलिसांना तयारीसाठी सहा महिने मिळतात, मग कोरडवाहू शेतकऱ्याला पैशाची जुळवाजुळव करायला तीन महिने का मिळू नयेत?

कायदा काय म्हणतो

सर्वसाधारण नियम असा आहे. राज्याच्या कायद्यात अंमलाची तारीख लिहिलेली नसेल, तर संमती मिळालेला कायदा राजपत्रात छापून येतो त्या दिवसापासून तो लागू होतो. १९०४ च्या मुंबई सर्वसाधारण वाक्यखंड कायद्यात हे सांगितले आहे. छापल्याशिवाय कायदा नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान या प्रकरणात पक्के केले. जयपूर संस्थानातल्या मंत्रिमंडळाने अफूविषयी एक कायदा ठराव करून मंजूर केला होता, पण लोकांपर्यंत तो कधी पोचवलाच नाही. जो कायदा लोकांना कळूच दिला नाही त्याखाली शिक्षा करता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विव्हियन बोस हे आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले होते. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मुंबईत राजपत्र छापले म्हणजे मंगरूळपीरच्या किंवा मानवतच्या शेतकऱ्याला ते कळले, असे धरून चालणे कागदावर ठीक आहे. न्यायाला ते पुरेसे आहे का?

दुसरा नियम आपल्या जास्त उपयोगाचा आहे, आणि तोच गावात कोणाला माहीत नसतो. त्याची सुरुवात आपल्याच मुलखातल्या एका प्रकरणाने झाली. हिरड्याचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीने १९४७ मध्ये अकोल्याच्या विक्रीकर कार्यालयात विवरणपत्र भरले. त्या वेळच्या कायद्यात कराविरुद्ध अपील करायचे तर जेवढा कर कबूल आहे तेवढा भरला की पुरे होते. १९४९ मध्ये कायदा बदलला आणि आकारलेला सगळा कर भरल्याशिवाय अपील घ्यायचे नाही असे ठरले. आकारणी झाली १९५० मध्ये. अधिकाऱ्यांनी अपील नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हुसेन कासम दादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५३ च्या निकालात न्यायालय म्हणाले की अपिलाचा हक्क निकालाच्या दिवशी जन्माला येत नाही. वाद सुरू होतो त्याच दिवशी तो पक्षकाराला मिळतो. वाद जुन्या कायद्यात सुरू झाला असेल, तर अपिलाची अटही जुन्या कायद्याचीच. मधे वाढवलेले ओझे त्याच्यावर टाकता येत नाही. विधिमंडळाने स्पष्ट शब्दांत, किंवा दुसरा अर्थच निघू नये अशा रीतीने, तसे लिहिले असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

हेच तत्त्व पुढे थेट कोर्ट फीला लागले. मुंबई राज्याने १९५४ मध्ये फी वाढवली. एका चित्रपट कंपनीचा दावा वाढीच्या आधीचा, अपील वाढीनंतरचे. सरकार म्हणाले, अपील आज दाखल होते आहे तेव्हा फी आजची. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे फेटाळले. फी वाढवणे म्हणजे अपिलाच्या हक्कावर भार टाकणे, आणि तो हक्क दाव्याच्या दिवशीच मिळालेला आहे. म्हणून दावा दाखल झाला त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे अपिलाची फी, असा तो निकाल आहे. मुंबई राज्य हरले, आणि त्याच राज्याचा वारसा आजचे महाराष्ट्र सरकार चालवते.

अलीकडे २०२२ मध्ये हाच धागा पुन्हा ओढला गेला. नव्या ग्राहक कायद्यात आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील करायचे तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जुन्या कायद्यात निम्मी रक्कम किंवा एक ठरावीक आकडा, यांतले जे कमी असेल ते भरून भागत होते. निर्यात पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तक्रार २० जुलै २०२० पूर्वीची असेल तर भरणाही जुन्या कायद्याप्रमाणेच. या प्रकरणात फायदा कंपनीचा झाला, हे आम्ही लपवत नाही. उद्या एखाद्या बियाणे कंपनीलाही तो मिळेल. काटा झाल्यावर भाव बदलायचा नाही, हा नियम एकदा मान्य केला की तो शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला सारखाच लागतो. आपण खुल्या व्यवहाराची भाषा बोलतो. आपल्याला सोयीचा तेवढाच नियम पाळायचा, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

म्हणजे आपल्याला काय लागू?

उदाहरण घेऊ. समजा, २०१६ मध्ये बांधाच्या आणि ताब्याच्या वादावर दावा दाखल झाला आणि २०२१ मध्ये निकाल विरुद्ध गेला. मधे जानेवारी २०१८ ची दुरुस्ती येऊन गेली. कारकून नव्या तक्त्याने फी मोजू लागला, तर १९६० चा निकाल पुढे करून २०१६ च्या तक्त्याची मागणी करणे हा आपला हक्क आहे. याउलट वाद २०१६ चा, पण दावा २०१९ मध्ये घातला, तर फी २०१९ ची. कारण वाद गावात कधी पेटला याला इथे महत्त्व नाही. दावा कोर्टात कधी दाखल झाला, ही तारीख मोजली जाते. जुना दावा काढून घेऊन नव्याने घातला तर तोही नवाच. म्हणून कोणी सल्ला दिला की "हा काढून घ्या, दुसरा घालू," तर पहिला प्रश्न फीचा विचारा.

भूसंपादनाच्या प्रकरणांत हा मुद्दा फार मोठा आहे. वाढीव मोबदल्याच्या अपिलात मिळालेली रक्कम आणि मागितलेली रक्कम यांच्या फरकावर फी बसते. धरणात जमीन गेलेला माणूस म्हणून भीत भीत कमी मागतो. एकराला अमुक लाख खरी किंमत आहे हे ठाऊक असूनही, तेवढ्याची फी जमत नाही म्हणून तो निम्म्यावर थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या भागसिंग प्रकरणात सांगितले आहे की फीची तूट भरून घेऊन योग्य तो मोबदला द्यावा, केवळ फी कमी भरली म्हणून सरकारने शेतकऱ्याची जमीन कमी भावात ठेवून घेऊ नये. हा निकाल माहीत नसल्याने आजही माणसे कमी मागतात. अशा माणसाचा दावा चालू असताना मधेच फी वाढली आणि ती त्याच्यावर लादली गेली, तर त्याचे मागणे आणखी आखडते. म्हणून तारखेचा प्रश्न हा मोबदल्याच्या भावाचाच प्रश्न आहे.

बियाण्याच्या बाबतीत वेगळी गोष्ट आहे. १९८६ च्या ग्राहक कायद्यात सुरुवातीला तक्रारीला फीच नव्हती. २००२ च्या दुरुस्तीने ती आणली. पुढे नियमांनी ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला ती पुन्हा शून्य केली. नव्या कायद्यात हा आकडा खरेदीसाठी मोजलेल्या पैशावर धरतात. मागितलेली भरपाई तिथे धरत नाहीत. दहा-वीस पाकिटे सरकी विकत घेणाऱ्याचे बिल ५ लाखांच्या जवळपासही जात नाही. म्हणजे उगवण न झालेल्या किंवा भेसळ निघालेल्या बियाण्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात बिनफीची होते. शेतकरी हा ग्राहक आहे, आणि पेरून टाकलेल्या बियाण्याचा नमुना त्याने तपासणीसाठी राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सांगितले आहे. तरीही बिल आणि पाकिटाचा टॅग जपून ठेवा, कृषी अधिकाऱ्याचा पंचनामा करून घ्या आणि दोन वर्षांची मुदत चुकवू नका.

समोरचे काय म्हणतात

सरकारच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिली अशी की न्यायालये चालवायला पैसा लागतो आणि रुपयाची किंमत घसरते, तेव्हा फी कधीतरी वाढणारच. खरे आहे. वाढच नको असे आम्ही म्हणत नाही. मात्र ही फी आहे, कर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकारच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. फी म्हणजे दिलेल्या सेवेचे दाम. सेवा देण्याचा सौदा दावा दाखल करून घेतला त्या दिवशी झाला. निकालाला सात वर्षे लागली ती आपल्यामुळे नाहीत. उशीर कोर्टाचा आणि वाढीव दाम शेतकऱ्याचे, हा कुठला हिशेब? विधी आयोगानेही १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात कोर्ट फीकडे महसुलाचे साधन म्हणून पाहू नये असे बजावले होते.

दुसरी गोष्ट अशी की तारीख आधी सांगितली तर लोक घाईने दावे घालतील आणि कचेऱ्यांत गर्दी होईल. होऊ द्या. ज्याला दावा घालायचाच आहे त्याने जुन्या फीत घातला तर त्यात लबाडी काय? पेट्रोलची भाववाढ मध्यरात्रीपासून होणार असेल तर पंपावर रांग लागते. त्या रांगेतल्या माणसाला कोणी चोर म्हणत नाही. शिवाय खोटा दावा कोणी केवळ फी वाचवायला घालत नाही, कारण दावा हरला तर समोरच्याचा खर्चही अंगावर येतो.

तिसरी गोष्ट अशी की गरिबांना विधी सेवेची मदत आहेच. आहे, आणि ती घेतली पाहिजे. कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांच्यासोबत पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीने नाडलेले लोकही येतात. त्या कलमात दुष्काळ हा शब्द छापलेला आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना तो ठाऊक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत नादार म्हणून फी न भरता दावा चालवण्याची सोय आहे. नादारी ठरवताना ज्या जमिनीबद्दल वाद आहे ती जमीन धरत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे, लागतील तेवढे बैल, बियाणे आणि घर या जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूही धरत नाहीत. परंतु सात-आठ एकर बरड जमिनीचा धनी कागदावर गरीबही ठरत नाही आणि हातात पैसाही नसतो. तो मधल्या मधे लटकतो. वाढीचा दणका बसतो तो त्यालाच.

चौथा एक आक्षेप आपल्यातूनच येतो. "हे वकिलांचे काम, आपण कशाला पडायचे?" असा तो आहे. दिल्लीत २०१२ मध्ये कोर्ट फी अवाच्या सवा वाढवली. तिथल्या वकील संघटना कोर्टात गेल्या आणि २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. वकिलांनी ते केले हे चांगलेच झाले. पण फी भरतो पक्षकार. वकिलाची फी वेगळी असते, ती कोणत्याच राजपत्रात छापत नाहीत. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याने बोलायचे नाही, ही सवय आपण भावाच्या प्रश्नात मोडली. इथेही मोडली पाहिजे.

आजपासून करण्यासारखे

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येकाने एवढे करावे.

दावा, तक्रार किंवा संदर्भ अर्ज दाखल होताच कचेरीच्या शिक्क्याची आणि तारखेची प्रत घरी ठेवावी. ही तारीख पुढे दहा वर्षे कामाला येते. फी कमी पडल्याची हरकत निघाली तर ती लेखी घ्यावी, तोंडी मानू नये. तूट भरायला मुदत देण्याचा अधिकार दिवाणी संहितेच्या कलम १४९ प्रमाणे न्यायालयाला आहे, तेव्हा हरकत निघाली म्हणजे दावा बुडाला असे समजून सावकाराकडे धावू नये. अपिलाच्या वेळी वकीलसाहेबांना १९५३, १९६० आणि २०२२ या तीन निकालांची आठवण करून द्यावी. त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी फी आपली आहे. समेट होण्यासारखा वाद लोकअदालतीत मिटवला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे विधी सेवा कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. ती मागून घ्यावी. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याखाली निवाड्याच्या प्रतीला फी लागत नाही, ती कोणी मागितली तर पावती मागावी. बायकांच्या नावावरील दाव्यांसाठी राज्य सरकारची १ ऑक्टोबर १९९४ ची फीमाफीची अधिसूचना आहे. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट हे तिचे विषय आहेत. मालमत्तेच्या वादात तिची व्याप्ती किती यावर कोर्टात वाद झालेले आहेत, म्हणून आपले प्रकरण त्यात बसते का हे आधी विचारून घ्यावे.

मेळाव्यापुढे ठेवायचा ठराव

जिल्हा मेळाव्यात चर्चेसाठी आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत. गावकीने वाचाव्यात, त्यात भर घालावी, नको ते खोडावे.

१. कोर्ट फी किंवा मुद्रांकात कोणतीही वाढ राजपत्रात छापल्यानंतर किमान तीन महिने लागू करू नये.

२. वाढ लागू करायचीच तर ती फक्त १ एप्रिलपासून करावी आणि त्याचे राजपत्र ३१ डिसेंबरपूर्वी निघावे. १९५४ ची वाढ १ एप्रिलपासूनच लागू झाली होती, तेव्हा ही तारीख सरकारला नवी नाही. मधले तीन महिने कापसाचा पैसा घरात येण्याचे असतात. मृगापासून दिवाळीपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात फक्त खर्च असतो.

३. प्रत्येक दुरुस्तीत एक कलम साध्या मराठीत असावे की दुरुस्तीच्या तारखेपूर्वी दाखल झालेल्या दाव्यांना, तक्रारींना आणि त्यांतून पुढे होणाऱ्या सर्व अपिलांना जुनीच फी लागेल. निकाल आहेतच. पण प्रत्येक शेतकऱ्याने तो निकाल शोधत कोर्टात भांडावे, हा न्याय नव्हे.

४. फी कमी केली किंवा माफ केली तर ती त्याच दिवसापासून लागू करावी आणि चालू प्रकरणांतल्या पुढच्या टप्प्यांनाही तिचा लाभ द्यावा. ओझे वाढवताना मुदत द्यावी, उतरवताना वाट पाहायला लावू नये.

५. चालू आणि मागील फीचे तक्ते, त्यांच्या अंमलाच्या तारखांसह, प्रत्येक तालुका न्यायालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावेत. जुना तक्ता फळ्यावर असेल तरच कारकुनाला तो दाखवता येईल.

६. वाढीचा मसुदा आधी छापून त्यावर हरकती मागवाव्यात, आणि त्या हरकती ऐकायला एक बैठक विदर्भात आणि एक मराठवाड्यात व्हावी.

यातली एकही मागणी सरकारी तिजोरीतून पैसा मागत नाही. अनुदान नको, सूट नको. भाव आधी सांगा आणि सांगितलेला भाव पाळा, एवढेच आपण बाजारात व्यापाऱ्याला सांगतो आणि तेच आता सरकारला सांगायचे आहे.

मेळाव्याला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या चालू खटल्यांपैकी ज्यांत २०१८ नंतर अपील झाले अशी प्रकरणे आणावीत. दाव्याची तारीख, अपिलाची तारीख आणि भरलेली फी, एवढे तीनच आकडे एका कागदावर लिहून आणा. जास्त फी वसूल झालेली प्रकरणे निघाली तर ती परत मागण्याचे अर्ज तिथेच बसून लिहू. ठराव मंजूर झाला की त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला द्यायची आहे. उलंगवाडी झाली म्हणजे सवड मिळेल, मग पाहू, असे म्हणू नका. आपल्याला सवड मिळेपर्यंत पुढचे राजपत्र छापून झालेले असेल.